पन्हळीवरची पानं

महादेवाच्या चौथऱ्यावर ऑइलचे डबे कोणी ठेवले, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर मला त्या दिवशी कोणी दिलं नाही आणि आजतागायत दिलेलं नाही. "काका, आम्हाला वाटलं नुसता पार आहे." पार! पारावर नंदी बसतो का? त्या नंदीच्या पाठीवर कुणीतरी आपलं जाकीट वाळत घातलं होतं. चांगलं परदेशी जाकीट, बाहीवर शर्यतीचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा शिवलेला. आणि सगळ्या चौथऱ्याला गुंडाळून टायर कंपनीच्या जाहिरातीचं हे एवढं पिवळं कापड. देव आत, जाहिरात बाहेर. सगळा घोटाळा त्या कापडाने केला, म्हणून आधी तेच सांगितलं. आता नीट सांगतो.

पंचाण्णव सालची गोष्ट. हैदराबादेत तेव्हा रोज काहीतरी नवीन येत होतं. नवीन मोटारी, नवीन थंड पेयं, केबलवर रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यती. त्या शर्यती बघून काही हौशी मंडळींनी एक मोटार क्लब काढला. बहुतेक पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली तरुण मुलं. दर रविवारी ती एका मोकळ्या मैदानात रबरी शंकू मांडून गाड्या वळवायला शिकायची, शिकवायची. त्यांचा म्होरक्या मिलिंद. पुण्याचा, गोरा, चटपटीत, बोलायला लागला की समोरच्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटावं.

आणि त्या क्लबात आमची त्रिवेणी. ही माझ्या थोरल्या भावाची, शिवराजदादाची मुलगी. दादा उदगीरकडे शेती बघतो, ही शिकायला म्हणून आमच्याकडे अंबरपेठेत राहिली. गाडी ती गावाकडेच शिकली, काळ्या मातीत, जुन्या जीपवर. चिखलात जीपचं बूड सुटायला लागलं की ब्रेक दाबायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा दाबला, बांधावरून खाली गेली, आणि शिकली.

क्लबात गेल्यावर मात्र ती शास्त्रशुद्ध शिकली, हे मी मिलिंदच्या बाजूने कबूल करतो. शिकवायचा तो चांगलं. रविवारी रात्री जेवताना सगळा धडा आमच्या ताटाभोवती व्हायचा. वाटी म्हणजे झाड, चमचा म्हणजे गाडी.

"काका, ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर नाही. ब्रेक दाबला की गाडीचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. त्यात तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत की बूड गेलं."

"मग वेग कधी द्यायचा?"

"बाहेर पडायची वाट दिसली की. तोवर पाय हलका. आणि नजर गाडीच्या नाकाशी ठेवायची नाही, वळण संपतं तिथे ठेवायची. हात आपोआप नजरेच्या मागे जातात."

मला हे ऐकून नवल वाटलं नाही. चांगला कीर्तनकार दुसरं काय करतो? पूर्वरंगातून आख्यानाकडे वळायच्या आधी तो चाल हळू करतो. टाळ-मृदंग थांबतात, देवळात क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तो वळतो, आणि मग जी लय देतो, तिच्यात म्हातारेकोतारेसुद्धा ताठ बसतात. कच्चा कीर्तनकार वळणातच घाई करतो आणि श्रोते रस्त्यावर सांडतात. मी हे त्रिवेणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हौ काका, अगदी तसंच." हे 'हौ' आमच्या घरचं. मिलिंदला त्याचं फार हसू यायचं.

त्या वर्षी क्लबला मद्रासच्या मोठ्या शर्यतीत एक जागा मिळाली. एकच. घटकेसरच्या पुढे, दगडांच्या टेकड्यांमध्ये, एका माळावर निवडीची फेरी ठेवली. त्रिवेणीला ती जागा हवी होती, आणि नुसती हौस म्हणून नव्हे. दादाने तिचं सगळं दोन वर्षं सोसलं होतं, लोकांचं बोलणंही सोसलं होतं. दिवाळीत तिने स्वतः होऊन त्याला शब्द दिला होता, "दादा, या खेपेला माझी निवड झाली नाही तर शर्यतीची गाडी मी पुन्हा धरणार नाही." आमच्या घरात मुलं वडिलांना दादाच म्हणतात, आणि दिलेला शब्द कुणी मोडत नाही. तेव्हा त्या रविवारी माळावर काय पणाला लागलं होतं, ते मला आणि तिलाच ठाऊक होतं.

नाही, तिसरंही एक माणूस होतं. दत्तोबा बुवा. शिवरात्रीच्या सप्ताहाला नल्लकुंट्याच्या महादेवाच्या देवळात त्यांची कीर्तनं चालली होती आणि मुक्काम आमच्याकडे. कीर्तनात मी त्यांच्यामागे टाळ धरतो. सकाळी निघताना ते उपरणं झटकत दारात उभे.

"मीपण येतो. मोटारी बघू."

"बुवा, ऊन लागेल. संध्याकाळी कीर्तन आहे."

"कीर्तन संध्याकाळी आहे, हिम्मतराव. आत्ता सकाळ आहे."

बसले मागच्या सीटवर, मांडीवर चिपळ्यांची पिशवी.

माळावर पोचलो तर मिलिंद हातात माइक घेऊन तयार. बुवांना बघून त्याने मला बाजूला घेतलं. "काका, आज मंगळागौर नाहीये हं. बुवाबिवा कशाला?" मी म्हटलं, "त्यांना शौक आहे." तो म्हणाला, "शौक! वा! तुमच्या मराठीत नबाब अजून जिवंत आहेत." मी बुवांना घेऊन सावलीला गेलो. पोरीचा दिवस होता.

वाट अशी आखली होती. सुरुवातीच्या रेषेवरून सरळ जायचं, शंकूंमधून नागमोडी निघायचं, आणि टोकाला एक जुना पिंपळ होता त्याला उजव्या हाताला ठेवून पूर्ण वळसा घालून परत यायचं. पिंपळाच्या बुंध्याशी ते पिवळं कापड गुंडाळलेलं काहीतरी दिसत होतं, त्यावर डबे. सकाळी चालकांना वाट दाखवली तेव्हा मिलिंदने लांबूनच बोट केलं होतं, "त्या झाडाला राऊंड मारायचा, सिंपल." झाडापर्यंत कोणी गेलंच नाही. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली ती धरायची.

पहिल्या फेरीत सगळ्यांत जोरात आला सारंग, मिलिंदचा मावसभाऊ; बाकीचे त्याच्या कुठे जवळपासही नव्हते. पोरगा खरा गाडीवेडा, कमी बोलणारा. त्याच्या मागोमाग त्रिवेणीची पाळी.

आमची पांढरी मारुती निघाली. शंकूंमधून अशी गेली की बुवा म्हणाले, "वा, ताना घेतेय!" पिंपळाशी पोचली, आधी ब्रेक, मग वळण, मागची चाकं जराशी बाहेर सरकली, धूळ उडाली, गाडी दक्षिणेकडून पश्चिमेला गेली. सगळं शिस्तीत. आता उत्तरेकडून बाहेर पडायचं आणि सुटायचं.

ती बाहेर पडलीच नाही.

झाडामागे इंजिनाचा आवाज एकदम चढला, टायर करकरले, धुळीचा लोट उठला, आणि त्या लोटातून गाडीचं तोंड आलं ते भलत्याच बाजूने! जिकडून आत गेली होती तिकडूनच. हँडब्रेक ओढून तिने गाडी जागच्या जागी गर्रकन फिरवली होती आणि आल्या वाटेने परत निघाली होती. फिरवणं असं सफाईचं होतं की क्लबातल्या दोन-तीन पोरांनी नकळत टाळ्या वाजवल्या. पण वळसा पूर्ण नव्हता. फेरी बाद.

मिलिंदने माइक तोंडाला लावला. "मंडळी, त्रिवेणीताई अर्धाच राऊंड मारून परत आल्या आहेत. गॅसवर दूध राहिलं वाटतं!"

सगळा माळ हसला. मी नाही हसलो. माझ्या कानशिलात जाळ झाला होता.

त्रिवेणी गाडीतून उतरली ती सरळ आमच्याकडे आली. चेहरा उतरला होता, पण आवाज कापत नव्हता. "काका, तिथे महादेव आहे."

"कुठे?"

"त्या कापडाच्या आत. मागच्या बाजूने कापड बांधलेलं नाही. वाऱ्याने उडालं आणि मला पिंड दिसली. पन्हळ दिसली. पाणी वाहतंय हो तिच्यातून, कुणीतरी सकाळी पूजा करून गेलंय." ती थांबली. "मी ओलांडणार कशी? विचार करायला वेळच नव्हता. हातच फिरले."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. महादेवाची प्रदक्षिणा पुरी गोल घालायची नसते. पिंडीवरचं तीर्थ जिथून बाहेर येतं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेने परत फिरायचं. आमच्या घरची मुलं चालायला लागली की हे शिकतात, शिकवावं लागत नाही. पुढचा परततो म्हणून मागचा परततो. त्रिवेणीने आयुष्यात शेकडो वेळा पन्हळीपाशी पाय मागे घेतला होता. त्या दिवशी पायाखाली मोटार होती, एवढाच फरक.

मी तरातरा चालत पिंपळापाशी गेलो. मागे कोणीतरी ओरडत होतं, "काका, ट्रॅकवर जाऊ नका!" गेलो. आणि बघितलं. उत्तरेकडे दगडी पन्हळ, तिच्यातून निघालेली पाण्याची बारीक ओली रेघ, रेघेच्या कडेला हिरवं गवत. आणि त्या रेघेवर एकावर एक टायरांचे छाप. सकाळपासून सगळ्यांच्या गाड्या तीर्थावरून गेल्या होत्या. मी ते पिवळं कापड दोन्ही हातांनी ओढून काढलं. बेलाची पानं अजून ताजी होती. शेजारी ऑइलचा डबा, त्याचा काळा ओघळ पिंडीच्या अगदी वितीवर. नंदीवर जाकीट.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी शाळेतल्या मुलांवरही कधी ओरडलो नाही, आणि जामबागेतल्या ज्या शाळेत मी शिकवतो तिथे ओरडायचे प्रसंग कमी येत नाहीत. "डोळे फुटले होते का? देव झाकून त्याच्यावर जाहिरात लावता? नंदीला खुंटी समजता?"

मिलिंद धावत आला. "काका, काका, शांत व्हा. कुणी मुद्दाम नाही केलं. माळ भाड्याने घेतला, मालकाने सांगितलं झाड आहे. आम्हाला वाटलं नुसता पार आहे."

"कापड गुंडाळताना हात लागला असेल ना? की डोळे मिटून गुंडाळलं?"

"बरं, काढलंत ना कापड? झालं. पण नियम नियम आहे. पूर्ण राऊंड. तिची पहिली फेरी बाद. दुसरी राहिलीय, तेव्हा पन्हळ काय नि पन्हाळा काय, ओलांडावी लागेल. नाहीतर..." त्याने खांदे उडवले. "मद्रासला जागोजागी देवळं आहेत म्हणे. तिथे कशी चालवणार ही?"

मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं, खरं सांगतो. पण नियम त्याच्या बाजूला होता. पोरीचा शब्द दुसऱ्या बाजूला. आणि मध्ये देव, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्रिवेणी खाली बसून ओल्या मातीवरचे टायरांचे छाप बोटांनी पुसत होती. "काका, मी नाही ओलांडणार," ती हळू म्हणाली. "दादाला काय सांगायचं ते मी सांगेन."

"मी सांगतो ना! दादाला सांगतो की या लोकांनी..."

"हिम्मतराव," मागून आवाज आला. बुवा सावकाश चालत येऊन पोचले होते. त्यांनी आधी नंदीवरचं जाकीट उचललं, झटकलं, घडी केली आणि मिलिंदच्या हातात दिलं. मग पिंडीला नमस्कार केला. मग आमच्याकडे वळले. "देव एवढा चिडका नाही. चिडके तुम्ही."

"बुवा, पण पन्हळ..."

"उघडी पन्हळ ओलांडायची नाही. झाकलेली चालते. जुन्या लोकांनीच सांगून ठेवलंय. अडचणीच्या जागी गवत, काडी, पान, काहीतरी मध्ये ठेवायचं आणि जायचं. भिंतीला चिकटून देऊळ असेल तर माणसांनी काय उडत जावं?" वर बघून ते हसले. "आणि पिंपळाने बघा, आधीच व्यवस्था केलीय."

माघ संपत आला होता. पिंपळाखाली वाळक्या पानांचा गुडघाभर ढीग होता.

त्रिवेणी उठली. पण तिचा चेहरा उजळला नाही. ती पानांकडे बघत होती, आणि मला कळेना की आता काय बिघडलं. ते सारंगने ओळखलं. तो मिलिंदच्या मागे उभा होता. म्हणाला, "वाळकी पानं म्हणजे साबण. वळणाच्या बरोबर मध्यावर. चाकं वळलेली असताना त्यावर आली तर गाडी सरळ शेतात."

"माहितीय," त्रिवेणी म्हणाली.

मिलिंदने क्षणभर विचार केला आणि मोठ्या उदारपणे हात पसरले. "टाका, टाका पानं. मला काही ऑब्जेक्शन नाही. घसरलीस तर मात्र मी जबाबदार नाही."

सगळ्यांनी ऐकलं हे. लक्षात ठेवा.

बुवांनी आणि मी ओंजळी भरभरून पानं आणली. त्रिवेणीने ती स्वतः पसरली, पन्हळीपासून ओल्या रेघेवर, गाडीच्या वाटेच्या पार पलीकडेपर्यंत. वारा उडवील म्हणून वर थोडं गवत टाकलं. मग चपला काढून, पिंडीला हात जोडून, ती त्या पानांवरून चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. वाकून बघत होती, कुठून यायचं, कुठे निघायचं. क्लबातला कोणीतरी म्हणाला, "पूजा लांबली वाटतं." त्या शहाण्याला मी अजून ओळखतो.

गाडीत बसण्याआधी तिने मला एवढंच सांगितलं, "काका, मी या वळणाची दोन वळणं करणार आहे."

तिची दुसरी फेरी मी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघितली, कारण पिंपळाच्या पलीकडचं दिसतच नव्हतं. शंकू झाले. पिंपळाशी ब्रेक, आधीपेक्षा किंचित लवकर. दक्षिण, पश्चिम, टायरांचा खरखराट, मागची चाकं सरकल्याचा तो ओढल्यासारखा आवाज. आणि मग एकदम सगळं शांत. इंजिन बंद नव्हतं, पण चढत नव्हतं, उतरत नव्हतं, एका सुरात धरलेलं. खरखराट थांबला होता. चाकं सरळ केली होती तिने. ब्रेक नाही, वेग नाही, स्टिअरिंगला धक्का नाही. वाळक्या पानांची कुरकुर स्पष्ट ऐकू आली, जशी देवळात बुवा गायचे थांबतात तेव्हा समईच्या वातीची चुरचुर ऐकू येते.

शेजारी बुवांनी श्वास धरला होता. मीपण.

मग लय आली. पानांपलीकडे चाकांनी मातीला धरलं, दुसरं वळण झालं, आणि इंजिन असं मोकळं सुटलं की मारुती पिंपळाआडून बाहेर पडली तेव्हा तिचं तोंड आधीच घराकडे होतं. शेवटच्या चौकटीत येऊन ती थांबली. धूळ खाली बसायच्या आत वेळ धरणाऱ्या पोराने आकडा ओरडून सांगितला. सारंगपेक्षा कमी. अर्ध्या सेकंदाने का होईना, कमी!

बुवांनी पिशवीतल्या पिशवीत चिपळ्या वाजवल्या.

मिलिंद मात्र वेळेच्या कागदाकडे बघत राहिला. दोघा-तिघांशी कुजबुजला. मग आला, आणि या वेळेला माइक न घेता बोलला. "काका, थोडा प्रॉब्लेम आहे. तिच्या फेरीच्या वेळी ट्रॅकवर पानं होती. बाकीच्यांच्या वेळी नव्हती. ट्रॅक सारखा नसेल तर वेळा सारख्या कशा धरणार? ही फेरी धरता येणार नाही."

"तूच हो म्हणालास ना?"

"मी टाका म्हणालो. धरेन असं नाही म्हणालो."

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. मराठीत सुरू केलं आणि हैदराबादीत संपवलं. एवढं आठवतं की मी म्हटलं, "मियाँ, पानांनी वाट सोपी झाली की अवघड, ते सांग आधी! अवघड होती तोवर तू राजी होतास. ती पडेल असं वाटलं तोवर तू राजी होतास. ती पुढे गेली तेव्हा तुला ट्रॅक आठवला? देव झाकताना नाही आठवला नियम, तो पोरीला झाकायला बरा आठवला!" मिलिंद लाल झाला. "हे पर्सनल होतंय," म्हणाला. पर्सनलच होतं.

त्रिवेणी मधे पडली नाही. गाडीला टेकून उभी होती, हेल्मेट दोन्ही हातांत धरून. ती निदान रडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

"दादा," सारंग म्हणाला. मिलिंदने मान वळवली. "माझी दुसरी फेरी राहिलीय. पानं राहू दे."

"वेडा आहेस का? तुझी पहिली चांगली आहे. तिची बाद झाली की तू..."

"तेच तर. तिची बाद करून मी मद्रासला गेलो तर तिथे काय सांगू? पानं राहू दे. मीपण त्यावरूनच जातो. मग तर ट्रॅक सारखा झाला ना? जो कमी वेळात येईल तो जाईल. माझी पहिली फेरी धरू नकोस."

"सारंग, मी सांगतोय..."

"तू शिकवतोस ना दर रविवारी? ट्रॅक जसा असेल तसा चालवायचा म्हणून."

मिलिंदने हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. पोरांसमोर शिकवलेलं होतं ते.

त्रिवेणीच्या गाडीने पानं विस्कटली होती. ती सारंगने स्वतः जाऊन पुन्हा नीट पसरली. चौथऱ्याजवळ गेला तेव्हा बूट काढले, हे मी बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं.

तो निघाला. शंकूंमधून तिच्यापेक्षाही जोरात. पिंपळाशी पोचला, वळला, आणि मी पुन्हा कान लावले. खरखराट, ओढ, सगळं आलं. शांत मात्र झालं नाही. त्याने चाकं सरळ केली नाहीत, एकाच वळणात सगळं साधायला गेला. पानांवर आला तेव्हा अंगातल्या भीतीने त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, इंजिनाचा आवाज एकदम पडला, आणि मग लांबलचक सरसर. गाडी पिंपळाआडून बाहेर आली ती आडवी, फिरत, आणि माळात लांब जाऊन, तोंड आकाशाकडे केल्यासारखी एका उंचवट्यावर थांबली.

आम्ही सगळे धावलो. सारंग दार उघडून उतरला. धुळीने पांढरा झालेला, आणि हसत होता. "पाय उचलला मी," तो त्रिवेणीला म्हणाला. "पानं बघितली आणि उचलला. तू कसा नाही उचललास?"

"मी आधी चालून बघितलं होतं ना," त्रिवेणी म्हणाली. "कुठे संपतात ते माहीत होतं. तिकडेच बघत होते."

मिलिंदने माइकवर निकाल सांगितला. जीभ जड झाल्यासारखा, पण सांगितला. मद्रासला त्रिवेणी. गॅसवरच्या दुधाबद्दल तो काही बोलला नाही. माफीही मागितली नाही, ना तिची, ना देवाची. "चौथरा आम्ही उद्या कोणाकडून तरी साफ करून घेऊ," म्हणाला. उद्या! कोणाकडून तरी!

डबे आम्हीच उचलले. पिण्याचं जेवढं पाणी होतं तेवढं चौथऱ्यावर ओतलं. बुवांनी आपल्या उपरण्याने ऑइलचा ओघळ पुसला. मी "बुवा, राहू द्या" म्हणायच्या आत पुसला. सारंग डबे आपल्या गाडीत भरत होता. मिलिंद आणि मंडळी तोवर शंकू गोळा करून निघूनही गेली.

परतताना त्रिवेणी इतकी सावकाश चालवत होती की मागून लॉऱ्या हॉर्न वाजवत होत्या. बुवा मागच्या सीटवरून म्हणाले, "हिम्मतराव, राग गेला का?"

"नाही."

"मग ठेवा जपून. आज उत्तररंगात टाळ जरा जोरात लागेल."

अंबरपेठेच्या वळणावर एसटीडीचं बूथ दिसलं तेव्हा त्रिवेणीने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं बाहेर उभे. काचेच्या दाराआडून तिचं बोलणं ऐकू येत होतं, कारण गावाकडची लाइन म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं.

"दादा, निवड झाली... हौ, झाली!... हौ, मीच... काय?" मग तिने सगळं सांगितलं. कापड, पिंड, पहिली फेरी. लाइन मधेच खरखरली, ती दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली. मग त्याने काहीतरी विचारलं.

"नाही दादा," ती ओरडली. "उघडी नाही ओलांडली. पानं टाकून."

पलीकडून दादा काहीतरी बोलला. मग ती हसली, आणि डोळे पुसले, आणि हसली.

"काय म्हणाला दादा?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"म्हणाला, मग ठीक. आणि विचारत होता, ते ऑइलचे डबे कोणी ठेवले होते?"